गेन वाढवला, तरी तारे का वाढत नाहीत?

पिंपरी-चिंचवडच्या गच्चीवरून आकाशाचे फोटो काढताना लागणारं कॅमेऱ्याचं आणि हवामानाचं गणित

जानेवारीतली रात्र. निगडीतल्या नाहीतर मोशीतल्या एखाद्या सोसायटीची गच्ची. मोबाइलवरचं हवामानाचं अ‍ॅप सांगतंय, ‘आकाश निरभ्र’. तिवईवरचा कॅमेरा मृग नक्षत्राकडे वळवून दहा सेकंदांचा फोटो घेतला. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आला, त्याच्याजवळचा तेजोमेघ पुसट डागासारखा आला, बाकी सगळं करडं. मग आयएसओ ८०० वरून ६४०० केला. फोटो उजळला खरा, पण उजळलं ते आकाश. तारे जवळजवळ तेवढेच राहिले आणि करड्याच्या जागी नारिंगी-पांढरा पडदा आला.

भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात आकाशाचे फोटो काढायला लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो. त्यात दोन प्रश्न आहेत. संवेदनशीलता आठपट केली, तरी नवे तारे का आले नाहीत? आणि आकाश निरभ्र होतं, तर ते काळं का नव्हतं? पहिला प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सचा वाटतो आणि दुसरा हवामानाचा. हिशेब मांडला की दोन्हींची उत्तरं एकाच वहीत सापडतात.

प्रकाशकणापासून आकड्यापर्यंत

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक चौकटी असतात, त्या म्हणजे पिक्सेल. ताऱ्याकडून आलेला प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, पिक्सेलवर पडला की सिलिकॉनमधला एक इलेक्ट्रॉन मोकळा होऊ शकतो. एक्स्पोजर चालू आहे तोवर हे इलेक्ट्रॉन पिक्सेलमध्ये साठत जातात. एक्स्पोजर संपलं की साठलेल्या विद्युतभाराचा क्षीण दाब वाचला जातो, अ‍ॅम्प्लिफायरमधून तो वाढवला जातो आणि शेवटी त्याचा आकडा तयार होतो. अशा लाखो आकड्यांचा तक्ता म्हणजे आपला फोटो.

या साखळीत गेनचं काम अ‍ॅम्प्लिफायरपाशी आहे. साध्या कॅमेऱ्यावर ज्याला आयएसओ म्हणतात आणि खगोल-कॅमेऱ्यावर ज्याला गेन म्हणतात, ती मुळात एकच गोष्ट: वाचलेला दाब किती पटींनी वाढवायचा. पण तोवर फोटॉन येऊन गेलेले असतात. ते किती आले, हे लेन्सच्या तोंडाचा व्यास, एक्स्पोजरची वेळ आणि मधल्या हवेने किती प्रकाश अडवला, यांवर ठरलेलं असतं. गेनचं बटण कितीही फिरवलं तरी एकही फोटॉन जास्त मिळत नाही.

मग हे बटण ठेवलंय कशासाठी?

व्हर्निअर की मायक्रोमीटर?

इथल्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही हे लगेच पटेल. नेहमीच्या वापरातला व्हर्निअर कॅलिपर १५० मिलिमीटरपर्यंतचा जॉब मोजतो आणि त्याचं लघुतम माप ०.०२ मिलिमीटर असतं. शून्य ते पंचवीसचा मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचतो, पण २५ मिलिमीटरहून जाड शाफ्ट त्याच्या जबड्यात मावतच नाही. मायक्रोमीटर लावला म्हणून शाफ्टची जाडी वाढत नाही. वाचन बारीक होतं आणि मोजमापाची कमाल मर्यादा खाली येते. कमी गेन म्हणजे व्हर्निअर, जास्त गेन म्हणजे मायक्रोमीटर.

आकड्यांत पाहू. समजा, एका सेन्सरच्या पिक्सेलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० इलेक्ट्रॉन मावतात आणि कॅमेरा १४ बिटांचा आहे, म्हणजे त्याच्याकडे १६,३८४ आकडे आहेत. सर्वांत कमी गेनवर प्रत्येक आकड्याच्या वाट्याला साधारण तीन इलेक्ट्रॉन येतात. एक-दोन इलेक्ट्रॉनांचा फरक या मापात दिसणार नाही. गेन सुमारे तिप्पट केला की एका इलेक्ट्रॉनला एक आकडा मिळतो. या स्थितीला ‘युनिटी गेन’ म्हणतात. माप बारीक झालं, पण आता १६,००० इलेक्ट्रॉनांच्या आसपासच आकडे संपतात. त्याहून तेजस्वी असलेलं सगळं सपाट पांढरं होतं. मृगातला तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य हे दोन्ही तारे मग सारखेच पांढरे दिसतात, कारण रंग ओळखायला लागणारा लाल-निळ्यातला फरकच कापला गेलेला असतो. मृगातल्या तेजोमेघाचा गाभाही असाच जळून जातो.

बटणावरच्या आकड्याने फसू नये. काही कंपन्यांच्या खगोल-कॅमेऱ्यांत गेनचं एकक एक दशांश डेसिबल असतं. तिथे ६० म्हणजे दुप्पट, १०० म्हणजे तिपटीहून थोडं जास्त आणि २०० म्हणजे दहापट. दुसऱ्या कंपनीची पट्टी वेगळी असू शकते. त्यामुळे मित्राच्या कॅमेऱ्यावरचा आकडा आपल्या कॅमेऱ्याला लागू पडेलच असं नाही.

नॉइज येतो कुठून?

फोटोतले रवे, ठिपके, उगीचची चरचर यांना छायाचित्रकार नॉइज म्हणतात. त्याचे मुख्य उगम तीन आहेत.

पहिला, वाचनाचा नॉइज. पिक्सेल वाचताना इलेक्ट्रॉनिक्स स्वतःची थोडी गडबड मिसळतं. एक्स्पोजर एका सेकंदाचं असो वा दहा मिनिटांचं, ही गडबड दर फोटोमागे एकदाच होते. यातला बराचसा भाग अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या टप्प्यात होतो. सिग्नल आधीच मोठा करून पुढे पाठवला, तर ही गडबड त्याच्या तुलनेत लहान ठरते. जास्त गेनचा खरा फायदा हा आहे. आजच्या अनेक सेन्सरमध्ये एका ठरावीक गेनला हा नॉइज पायरी उतरल्यासारखा झटकन कमी होतो. त्या ठिकाणी पिक्सेलजवळची विद्युतभार साठवायची क्षमता बदलून लहान केली जाते आणि तेवढ्याच इलेक्ट्रॉनांपासून जास्त दाब मिळतो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातल्या आलेखावर ही पायरी दिसते. तेजोमेघ आणि दीर्घिका टिपणारे बहुतेक जण गेन या पायरीवरच ठेवतात.

दुसरा, उष्णतेचा नॉइज. प्रकाश नसतानाही सेन्सरच्या उबेने काही इलेक्ट्रॉन सुटत राहतात. तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढलं की त्यांचं प्रमाण दुप्पट होतं.

तिसरा, प्रकाशाचा स्वतःचा नॉइज. फोटॉन एका चालीत येत नाहीत, कमी-जास्त येतात. सरासरी १०० येत असतील, तर दर वेळी साधारण १० इकडेतिकडे होतात. १०,००० येत असतील, तर १००. म्हणजे चढउतार हा संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. यातून कोणताही कॅमेरा सुटत नाही. शहरात अडचण अशी की आकाशाच्या उजेडाचे फोटॉनही हाच चढउतार घेऊन येतात. उजेडाची सरासरी सॉफ्टवेअरने वजा करता येते, चढउतार वजा होत नाही. पुसट तारा बुडतो तो या चढउतारात.

चाकणचं आकाश, जुन्नरचं आकाश

आता आपल्या पट्ट्याचा हिशेब. चाकण-महाळुंगेच्या कारखान्यांची आवारं थर्ड शिफ्टभर उजळलेली असतात. गोदामांचे फ्लडलाइट, महामार्गावरचे दिवे, जाहिरातींचे फलक, नव्या इमारतींच्या साइट, सगळं रात्रभर चालू. अमेरिकी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ साली आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. पहिली पायरी सर्वांत काळ्या आकाशाची, नववी महानगराच्या मध्याची. पिंपरी-चिंचवड आठव्या-नवव्या पायरीवर बसतं. नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर मागे टाकून जुन्नरच्या डोंगरांकडे गेलं की आकाश काही पायऱ्या खाली, म्हणजे काळोखाकडे, सरकतं. ‘आयुका’ या पुण्यातल्या खगोलसंशोधन संस्थेने आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुण्याजवळ न ठेवता घोडेगाव-जुन्नर रस्त्यावरच्या गिरवलीजवळ उभारली आणि २००६मध्ये ती सुरू झाली. त्या निवडीमागे काळोखाचा विचार होताच.

समजा, एकाच दुर्बिणीने आणि कॅमेऱ्याने चाकणला आकाशाच्या उजेडामुळे प्रत्येक पिक्सेलमध्ये सेकंदाला ५ इलेक्ट्रॉन जमतात आणि जुन्नरच्या काळ्या आकाशात ०.३. हा फरक सुमारे सोळापटींचा आहे, खगोलाच्या भाषेत तीन प्रतींचा (मॅग्निट्यूडचा). वाचनाचा नॉइज कमी गेनवर ३.८ इलेक्ट्रॉन आणि पायरीवरच्या गेनवर १.५ इलेक्ट्रॉन धरू. निरनिराळे नॉइज एकत्र करताना त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं असतं. तीस सेकंदांच्या एका फोटोत हे असं दिसतं:

- चाकण: आकाशाचे १५० इलेक्ट्रॉन. एकूण नॉइज कमी गेनवर १२.८, जास्त गेनवर १२.३. फरक सुमारे ४ टक्के.
- जुन्नर: आकाशाचे ९ इलेक्ट्रॉन. एकूण नॉइज कमी गेनवर ४.८, जास्त गेनवर ३.४. फरक ४० टक्क्यांहून अधिक.

शहरात आकाशाचा स्वतःचा नॉइज एवढा मोठा असतो की कॅमेऱ्याची गडबड त्यात हरवून जाते. ती कमी करायला गेन वाढवून हाती काही लागत नाही, उलट तेजस्वी तारे लवकर जळतात. काळ्या आकाशाखाली, त्यातही दोन-पाच सेकंदांच्या छोट्या एक्स्पोजरमध्ये, गेनचा खरा उपयोग होतो.

मग शहरात फोटो सुधारतो कशाने? अनेक फोटो एकावर एक रचण्याने, म्हणजे स्टॅकिंगने. शाफ्टचं एकच वाचन घेण्यापेक्षा दहा वाचनांची सरासरी जास्त भरवशाची असते, तसंच हे. फोटो चौपट घेतले की नॉइज सिग्नलच्या तुलनेत निम्मा होतो. पण आकाश सोळापट उजळ असेल, तर पुसट दीर्घिकेसाठी जुन्नरच्या एका तासाची बरोबरी करायला चाकणला सोळा तास लागतात. एका हिवाळी रात्रीत एखादा विषय जेमतेम सहा-सात तास नीट उंचावर असतो. म्हणजे दोन-तीन रात्री हव्यात, आणि त्या खरोखर स्वच्छ हव्यात.

एक पळवाट आहे. मृगातला तेजोमेघ किंवा त्याच्या पूर्वेचा रोझेट तेजोमेघ यांचा प्रकाश थोड्या ठरावीक तरंगलांबींवर एकवटलेला असतो: हायड्रोजनचा लाल ६५६ नॅनोमीटरवर, ऑक्सिजनचा हिरवट-निळा ५०१ नॅनोमीटरवर. तेवढाच प्रकाश जाऊ देणारा ड्युअल-बँड फिल्टर लावला की रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड गळतो. आकाशाचे ५ इलेक्ट्रॉन अर्ध्यावरूनही खूप खाली येतात आणि गच्चीवरचं गणित जुन्नरच्या गणितासारखं होऊ लागतं. अशा वेळी एक्स्पोजर लांबवणं आणि गेन पायरीवर ठेवणं दोन्ही कामाला येतं. पूर्वीचे पिवळे सोडियम दिवे मोजक्या तरंगलांबींवर जळत, त्यांना फिल्टरने अडवणं सोपं होतं. आताच्या पांढऱ्या एलईडींचा प्रकाश पूर्ण वर्णपटावर पसरलेला असतो, म्हणून साधे जुने फिल्टर फारसे चालत नाहीत. देवयानी दीर्घिकेला तर कोणताच अरुंद फिल्टर पुरेशी मदत करत नाही, कारण तिचा प्रकाश असंख्य ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा आहे. तिला काळोखच लागतो.

अंदाज कुणासाठी केलेला असतो?

भारतीय हवामानशास्त्र आणि पुणे यांचं नातं जुनं आहे. हवामान विभागाचं मुख्यालय १९२८मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि १९४४मध्ये दिल्लीला गेलं. शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४मध्ये ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला. पण रोजचा अंदाज शेतकरी, मच्छीमार, विमानं आणि प्रवासी यांच्यासाठी असतो. पाऊस पडेल का, तापमान किती, हे त्याचे प्रश्न. आपला प्रश्न वेगळा आहे: रात्री दहा ते पहाटे चार, डोक्यावरच्या एका तुकड्यात, पातळसा ढगही येईल का?

हवामानशास्त्रात आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती ढगांनी व्यापले, ते नोंदतात. ‘मुख्यतः निरभ्र’ आकाशातही एक-दोन भाग ढगाळ असू शकतात आणि ते नेमके मृगावर असू शकतात. म्हणून एकूण टक्केवारीपेक्षा ढगांचे थर वेगळे पाहावेत. ‘विंडी’सारख्या संकेतस्थळांवर खालचे, मधले आणि वरचे ढग स्वतंत्र दाखवतात. वरचे, म्हणजे हिमकणांचे पिसांसारखे सिरस ढग, पाऊस देत नाहीत. सामान्य माणसाच्या लेखी ती रात्र स्वच्छ असते. फोटोत मात्र प्रत्येक तेजस्वी ताऱ्याभोवती धूसर कडं येतं आणि पुसट तेजोमेघ नाहीसा होतो.

दुसरी गोष्ट, अंदाजाच्या जाळीची. संगणक वातावरणाचे चौकोन करून प्रत्येक चौकोनासाठी गणित सोडवतो. हवामान विभागाच्या जागतिक मॉडेलचा चौकोन १२ किलोमीटरचा होता. मे २०२५मध्ये जाहीर झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये तो ६ किलोमीटरवर आला. लोणावळा ते चाकण हे सरळ रेषेतलं अंतर जेमतेम ४७ किलोमीटर, पण एका टोकाला घाटमाथ्याचा धो धो पाऊस आणि दुसऱ्या टोकाला पर्जन्यछाया. १२ किलोमीटरच्या जाळीत एवढा बदल चार चौकोनांत बसवावा लागतो, ६ किलोमीटरच्या जाळीत आठ. इंद्रायणीच्या खोऱ्यात साचलेलं धुकं किंवा मावळातल्या एका डोंगराआडचा ढग तरीही निसटतोच. म्हणून एकाच अंदाजावर न थांबता दोन वेगवेगळी मॉडेल पाहावीत. दोन्ही सहमत असतील, तर भरवसा धरावा. एक ‘स्वच्छ’ आणि दुसरं ‘ढगाळ’ म्हणत असेल, तर जुन्नरची गाडी काढू नये, गच्चीवरच थांबावं.

शेवटच्या तीन-चार तासांसाठी उपग्रहाचं चित्र मॉडेलपेक्षा खरं. इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस यांची चित्रं हवामान विभागाच्या आणि इस्रोच्या ‘मोसडॅक’ संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. रात्री दृश्य प्रकाशातलं चित्र मिळत नाही, अवरक्त चित्र पाहावं लागतं. त्यात उष्णता दिसते: उंचावरचे थंड ढग पांढरे, उबदार जमीन काळी. यातही एक मेख आहे. जमिनीलगतचं धुकं आणि जमीन यांचं तापमान जवळपास सारखं असतं, त्यामुळे धुकं या चित्रात सहज लपतं. लागोपाठची चार-पाच चित्रं पाहून ढगांची दिशा काढता येते. मुंबईकडून सरकणारा पांढरा पट्टा आपल्याकडे किती वाजता पोचेल, हे साध्या त्रैराशिकाने कळतं.

ढग नाहीत, तरी काळोख नाही

आकाशाचा उजेड दिव्यांइतकाच हवेवरही अवलंबून असतो. दिव्याचा प्रकाश वर गेला, तर तो अवकाशात निघून जाईल. त्यातला काही भाग हवेतल्या धूलिकणांवर आणि जलकणांवर आपटून परत खाली येतो, तोच आपल्याला नारिंगी-पांढरा पडदा म्हणून दिसतो. कण जास्त, तर पडदा जाड. आणि तेच कण वरून येणारा ताऱ्याचा प्रकाशही अडवतात. दुहेरी तोटा होतो.

हिवाळ्यात हे अधिक जाणवतं. शांत, निरभ्र रात्री जमीन भराभर थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. नेहमीच्या उलट असलेल्या या रचनेला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. थंड जड हवा वर चढत नाही, त्यामुळे वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ आणि शेकोट्यांचा धूर जमिनीलगत कोंडतो. त्यात हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात आणि आणखी प्रकाश विखुरतात. म्हणजे ढगांच्या नकाशावर कोरी दिसणारी रात्र गच्चीवर दुधाळ असू शकते. यासाठी हवेच्या गुणवत्तेचे आकडे पाहावेत. ‘सफर’ प्रणालीची मोजणी केंद्रं निगडी आणि भोसरीलाही आहेत. बारीक धूलिकणांचा आकडा चढा आणि वारा पडलेला, तर दीर्घिकेचा बेत रद्द करावा.

तिसरा शत्रू दव. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक दोन-तीन अंशांवर आला की भिंगावर दव धरण्याची वेळ जवळ आली. उघड्या आकाशाकडे तोंड करून असलेलं भिंग स्वतःची उष्णता वर फेकत भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं, म्हणून आर्द्रता शंभर टक्के व्हायच्या आधीच त्यावर ओल येते. ऑक्टोबरमध्ये जमीन पावसाने भिजलेली असते, तेव्हा हे हमखास घडतं. भिंगाभोवती गुंडाळायची छोटी तापपट्टी, म्हणजे ड्यू हीटर, भिंगाला हवेपेक्षा एक-दोन अंश उबदार ठेवते. तेवढं पुरतं.

धूसर, पण स्थिर रात्र

आकाशाची पारदर्शकता आणि स्थिरता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वेगवेगळ्या तापमानाचे हवेचे थर एकमेकांत मिसळत असले की ताऱ्याचा प्रकाश वाटेत सतत किंचित वाकतो. तारे लुकलुकतात, गुरूचे पट्टे उकळल्यासारखे दिसतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे वेगवान पश्चिमी वारे, म्हणजे जेट प्रवाह, हिवाळ्यात उत्तर भारतावर असतात. त्यांची किनार दक्षिणेकडे सरकली की आपल्याकडचं चित्रही थरथरतं. ‘मेटिओब्लू’ संकेतस्थळावर या स्थिरतेचा, ज्याला निरीक्षक ‘सीइंग’ म्हणतात, वेगळा अंदाज मिळतो. खालची थरथर आपल्या हातात आहे: दिवसभर तापलेला स्लॅब आणि पत्र्याच्या शेड यांवरून पाहायचं टाळावं, दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवून थंड होऊ द्यावी.

गंमत अशी की वारा पडलेली, व्युत्क्रमणाची धूसर रात्र अनेकदा स्थिर असते. देवयानीसाठी वाया गेलेली रात्र गुरू, शनी आणि चंद्रासाठी उत्तम ठरू शकते. हे विषय तेजस्वी आहेत, आकाशाच्या उजेडाची त्यांना पर्वा नाही. इथे गेनचं गणितही उलटतं. हवेची थरथर गोठवायला सेकंदाच्या काही हजारांश भागाची एक्स्पोजर लागतात, तेवढ्यात पुरेसा सिग्नल वाचता यावा म्हणून गेन वाढवतात, व्हिडिओतून हजारो चित्रं घेतात, त्यांतली धारदार निवडून रचतात. मे २०२१मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने चंद्राचं जे चित्र केलं, ते याच पद्धतीचं. सुमारे ५०,००० प्रतिमा आणि १८६ जीबी माहिती रचून त्याने चंद्राच्या पृष्ठभागावरचे खनिजांचे रंगही वेगळे दाखवले. चंद्राला शहराचा उजेड आड येत नाही. म्हणून नवख्याने पहिला धडा चंद्रावर गिरवणं केव्हाही चांगलं.

वर्षाचा हिशेब

जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मोसमी पाऊस आला की सप्टेंबरअखेरपर्यंत सामान आवरून ठेवायचं. हे दिवस लेन्सची बुरशी टाळण्याचे: हवाबंद डबा आणि सिलिका जेल. पाऊस मध्येच उघडला आणि एखादी रात्र मोकळी मिळाली, तर ती सोडू नये, कारण धुतलेल्या हवेत कण सर्वांत कमी असतात.

ऑक्टोबरच्या मध्याला पाऊस परतला की दवाचे, पण पारदर्शक दिवस येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम. त्यातही बंगालच्या उपसागरातलं एखादं वादळ बेत मोडतं. ३० नोव्हेंबर २०२४ला ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात थंडी पळून ढग आले. उत्तरेतून जाणारे पश्चिमी विक्षोभ आपल्याला पाऊस देत नसले, तरी सिरसची चादर पाठवतात.

मार्च ते मे रात्री कोरड्या असतात, पण धूळ वाढते, वळवाचे ढग संध्याकाळी उरतात आणि सेन्सर तापतो. जानेवारीपेक्षा बारा अंशांनी उबदार रात्री उष्णतेचे इलेक्ट्रॉन सुमारे चौपट होतात. शीतकरण असलेला कॅमेरा सेन्सरला हवेपेक्षा साधारण ३० ते ३५ अंश खाली नेऊ शकतो. पंचवीस अंशांच्या एप्रिल रात्री उणे वीसचा हट्ट धरला, तर तापमान टिकत नाही आणि झाकण लावून घेतलेल्या ‘डार्क’ फोटोंशी जुळत नाही. तेव्हा शून्य किंवा उणे पाचवर समाधान मानावं.

या सगळ्यावर चंद्राचं वेळापत्रक. वद्य अष्टमीनंतर संध्याकाळ ते मध्यरात्र मोकळी मिळते. शुद्ध पंचमीपर्यंत चंद्र रात्री दहाच्या सुमारास मावळतो. पुसट विषय या दिवसांत, चंद्र आणि ग्रह बाकीच्या दिवसांत.

गच्चीवर पोचल्यावर

अंदाज कितीही पाहिले, तरी शेवटचं माप कॅमेराच देतो. गेन पायरीवर ठेवून तीस सेकंदांचा एक फोटो घ्यावा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहावा. आकाशाचा उंचवटा डाव्या भिंतीपासून स्पष्ट सुटलेला असेल, तर वाचनाच्या नॉइजवर मात झाली. त्याहून लांब एक्स्पोजर घेऊन फायदा नाही, फोटोंची संख्या वाढवावी. उंचवटा मध्याकडे सरकला असेल, तर हवा धुरकट आहे. तेव्हा एक्स्पोजर कमी करावं किंवा विषय बदलून ग्रहाकडे वळावं. उंचवटा डाव्या भिंतीलाच चिकटला असेल, तर फिल्टर लावलेला आहे किंवा आकाश खरोखर काळं आहे. मग एक्स्पोजर वाढवावं. दर रात्री उंचवट्याची जागा, आर्द्रता आणि धूलिकण यांची नोंद वहीत ठेवली, तर एका हंगामात आपल्या गच्चीचा स्वतःचा अंदाज तयार होतो. तो कोणत्याही अ‍ॅपमध्ये मिळत नाही. ज्यांना सोबत हवी, त्यांच्यासाठी १९४४पासून काम करणारी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहेच.

चौकट: थोडक्यात

- गेन प्रकाश वाढवत नाही. तो मोजमाप बारीक करतो आणि कमाल मर्यादा खाली आणतो.
- शहरात आकाशाचा नॉइज मोठा: गेन नॉइजच्या पायरीपुढे वाढवू नये. छोटी एक्स्पोजर, भरपूर फोटो.
- अरुंद फिल्टर किंवा काळं आकाश असेल, तर लांब एक्स्पोजर. तिथे वाचनाच्या नॉइजला महत्त्व येतं.
- अंदाजात पाच गोष्टी पाहाव्यात: ढगांचे तिन्ही थर, तापमान-दवबिंदूतलं अंतर, धूलिकण, उंचावरचा वारा, चंद्र.
- बेत ठरवताना दोन मॉडेल, निघताना उपग्रहाचं चित्र.
- पारदर्शक रात्र दीर्घिका-तेजोमेघांची, स्थिर रात्र चंद्र-ग्रहांची.
- खर्च करायचा असेल, तर आधी ड्यू हीटर आणि फिल्टर, मग नवा कॅमेरा.